तुमच्या जगातल्या देवळात दिवा कोण लावते? : कल्पनाविश्वांचे रोल-प्लेइंग गेम घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
काल्पनिक जगे रचून त्यांत रोल-प्लेइंग गेम घडवणारे डिझायनर, कथालेखक आणि टेबलाभोवती कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) चालवणारे गेममास्टर यांस,

स. न. वि. वि.

आपण रचलेल्या जगांतील धर्माविषयी हे पत्र लिहीत आहे. प्रत्येकाने एकेक पात्र होऊन कथा पुढे न्यायची, अशा या खेळांचा मी खेळाडू आहे आणि डाव चालवणारा गेममास्टरही आहे, त्यामुळे नकाशे, चलन, शस्त्रांची वजने आणि राजघराण्यांच्या वंशावळी यांवर आपण किती मेहनत घेता, याची मला जाणीव आहे. म्हणूनच देवांच्या प्रकरणापाशी आल्यावर ती मेहनत एकदम आटलेली दिसते, तेव्हा मनापासून वाईट वाटते. त्या प्रकरणात बहुधा एक तक्ता असतो. देवाचे नाव, त्याचे चिन्ह, त्याच्याकडे असलेले खाते, त्याचा कल भलाईकडे की दुष्टपणाकडे, आणि त्याच्या भक्ताला मिळणाऱ्या शक्ती, एवढे रकाने भरले की धर्म संपतो. खेळाडू गावात शिरतात तेव्हा देऊळ म्हणजे जखमा भरून घेण्याची आणि शाप उतरवण्याची जागा असते. त्या देवळात गावातले कोणी येते का, आले तर काय घेऊन येते, कोणाला गाभाऱ्यापर्यंत सोडतात आणि कोणाला पायरीशीच थांबवतात, पुजाऱ्याचे पोट कशावर चालते, पहाटेचा दिवा कोण लावते, यांतले काहीही त्या पानांवर सापडत नाही.

माझे म्हणणे असे आहे की, धर्म लिहायला बसताना आपण देवापासून सुरुवात करता आणि घोटाळा तिथेच होतो. सुरुवात भक्तापासून करावी: त्याच्या वर्षभराच्या सणावारांपासून, त्याच्या उपासापासून आणि नवसापासून, देवळातल्या मानापानापासून. देव कसा आहे, हे त्यातून हळूहळू दिसू लागते, आणि तक्त्यातून दिसते त्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते.

या तक्त्याच्या सवयीला इतिहास आहे, आणि तो समजून घेतला तर ती मोडणे सोपे जाईल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग गेम १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि क्लेरिक (दैवी शक्ती वापरणारा पुजारी) असे पात्रांचे तीनच वर्ग होते. त्यांतला क्लेरिक आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या त्याआधीच्या कॅम्पेनमधून आला. तिथे एका खेळाडूचे सर फँग नावाचे रक्तपिपासू पिशाच्च फार बलाढ्य झाले होते आणि त्याला आवर घालणारे कोणीतरी हवे होते. म्हणून पहिल्या आवृत्तीच्या सामानाच्या यादीत लाकडी क्रूस, चांदीचा क्रूस आणि पवित्र पाणी या वस्तू होत्या, पण देव मात्र नव्हते. वेगवेगळ्या संस्कृतींतील देवांच्या याद्या १९७६ च्या पुरवणीत आल्या. म्हणजे धर्माने या खेळात प्रवेश केला तो पिशाच्चाविरुद्धचे हत्यार म्हणून, आणि अनेक देवांची व्यवस्था त्यावर नंतर चढवली गेली. त्यातून तयार झालेले मिश्रण आजही बहुतेक जगांत टिकून आहे. देव पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची संस्था मध्ययुगीन युरोपातल्या चर्चसारखी, प्रत्येकाचा पुजारीवर्ग स्वतंत्र आणि प्रत्येक माणूस एकाच देवाला वाहिलेला.

अनेक देव मानणारा समाज असा कधीच वागलेला नाही. रोमन माणूस घरातल्या चुलीपाशी कुलदैवतांना नैवेद्य दाखवत असे, समुद्रप्रवासाआधी नेपच्यूनला नवस बोलत असे आणि नगराच्या सणाला ज्युपिटरच्या देवळासमोर उभा राहत असे. यांतल्या एकाची निवड कर, असे त्याला कोणी सांगितले असते तर तो गोंधळून गेला असता. आपल्याकडे तर हे समजावून सांगण्याचीही गरज नाही. एखाद्या शेतकरी घराचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा असते, गावाची ग्रामदेवता वेगळी असते, बांधावर म्हसोबा असतो, मूल जन्मल्यावर सटवाईची पूजा होते, आषाढात घरातले कोणी वारीला जाते आणि शेजारच्या गावातल्या पिराच्या उरुसालाही नारळ पोचतो. या घरातल्या माणसासाठी कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, ‘देव’ असा एकच रकाना ठेवला, तर तो रकाना खोटाच भरला जाणार.

आता एका आक्षेपाकडे वळतो, कारण तो गंभीर आहे. अनेक डिझायनर म्हणतात की, आमच्या जगात देव खरोखरच आहेत, क्लेरिकने प्रार्थना केली की रोज स्पेल (जादूचे मंत्र) मिळतात, मग श्रद्धा आणि शंका यांना जागा कुठे उरते? मला हा विचार अपुरा वाटतो. देव आहे की नाही, हा प्रश्न सुटल्याने धर्मातले बाकीचे प्रश्न सुटत नाहीत, उलट ते अधिक तातडीचे होतात. देव आहे, पण तो माझे ऐकतो का? त्याला काय हवे आहे, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? पाऊस पडला नाही तो कोणाच्या चुकीमुळे? प्राचीन रोममध्ये देवांच्या अस्तित्वाविषयी फारसा वाद नव्हता, तरीही त्यांची इच्छा ओळखण्यासाठी पक्ष्यांचे उड्डाण आणि बळीच्या जनावराचे यकृत तपासणाऱ्यांच्या स्वतंत्र व्यवस्था होत्या, आणि राजकारण त्यांच्याभोवतीच फिरत असे. इसवी सनपूर्व २४९ मध्ये क्लॉडियस पुल्कर या सेनापतीने द्रेपानाच्या आरमारी लढाईपूर्वी शकुनाच्या कोंबड्या दाणे खात नाहीत असे पाहिले आणि खायचे नसेल तर पाणी तरी पिऊ दे, असे म्हणून त्या समुद्रात फेकून दिल्याची कथा सांगतात; लढाईत तो सपशेल हरला आणि पुढे रोममध्ये त्याच्यावर खटला झाला. या एका प्रसंगात जो धर्म दिसतो, तो दहा पानांच्या देवयादीत दिसत नाही.

खेळांच्या जगातही या प्रश्नाला चांगली उत्तरे दिली गेली आहेत. कीथ बेकर यांच्या २००४ च्या ‘एबेरॉन’ या खेळजगात देव कधीच भेटत नाहीत, आणि भ्रष्ट पुजाऱ्याचीही शक्ती जात नाही, कारण तिथे शक्तीचा उगम त्याच्या श्रद्धेत आहे. स्पेल चालतो एवढ्यावरून पुजारी खरा ठरत नाही, असे एकदा मान्य केले की, संशय, सुधारणा आणि पंथभेद या सगळ्यांना पुन्हा जागा मिळते.

परंतु सर्वाधिक खटकते ते हे की, आपण स्वतःच लिहिलेल्या नियमांचे सामाजिक परिणाम आपण तपासत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला मृताला उठवणारा ‘रेझ डेड’ हा स्पेल घ्या. मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ झालेला नसावा, ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची पडावा आणि आत्मा परत यायला राजी असावा, अशा त्याच्या अटी आहेत. त्याच नियमपुस्तकात साध्या मजुराची रोजी दोन चांदीची नाणी आहे आणि दहा चांदीच्या नाण्यांचे एक सोन्याचे होते. म्हणजे मजुराने एक पैसाही न खर्चता अडीच हजार दिवस, जवळपास सात वर्षे, साठवले तर एक माणूस परत येईल. अशा जगात मृत्यू हा गरीब आणि श्रीमंत यांच्यातला सर्वांत मोठा भेद होईल, आणि तिथला धर्म या भेदाचे काही ना काही स्पष्टीकरण दिल्याशिवाय राहणार नाही. एखादा पंथ म्हणेल की, परत येणे हे पाप आहे. दुसरा म्हणेल की, ज्याच्यासाठी हिरा जमतो त्याच्यावर देवाची कृपाच आहे. तिसरा गावोगाव फिरून मूठमूठ नाणी गोळा करील आणि वर्षातून एका गरिबाला चिठ्ठी टाकून उठवील, आणि त्या चिठ्ठीत घोळ झाला असे म्हणणारेही निघतील.

त्या दहा दिवसांचाही विचार व्हायला हवा. आपल्याकडे दहाव्या दिवसाचे विधी आहेत, घाटावरचा पिंड आणि कावळ्याची वाट पाहणे आहे. जिथे दहा दिवस आशा जिवंत असते, तिथले सुतक कसे असेल? पहिले दहा दिवस कोणी रडायचे नाही, असा नियम असेल का? घरातला एक जण देहापाशी बसेल आणि बाकीचे उसने मागायला निघतील का? देह टिकवून मुदत वाढवणारा ‘जेंटल रिपोझ’ही त्याच नियमांत आहे, तो करणाऱ्या पुजाऱ्याकडे किती घरांचे कर्ज साचेल? आणि हिरा मिळाला, विधी झाला, पण आत्म्याने यायचे नाकारले, तर त्या विधवेकडे गाव कोणत्या नजरेने पाहील? तिचा नवरा तिच्याकडे परतायला तयार झाला नाही, असे लोक म्हणणार. या बाईसाठी त्या धर्मात काही शब्द, काही विधी, काही आधार आहे का, हे ज्या लेखकाने ठरवले, त्याच्या जगावर माझा चटकन विश्वास बसतो. यासाठी एकही नवा नियम लागत नाही. असलेल्या नियमांकडे माणूस म्हणून पाहावे लागते.

आचारातून धर्म उभा करण्याची उदाहरणे या क्षेत्रात नाहीत असे नाही. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरान्था या जगावर बेतलेल्या ‘रुनक्वेस्ट’ने १९७८ पासून पंथांची माहिती देताना दीक्षा कशी होते, सभासदाने आपल्या वेळेचा आणि उत्पन्नाचा किती वाटा द्यायचा, पवित्र दिवस कोणते, काय वर्ज्य आणि कोणत्या पंथाशी वैर, हे सगळे नोंदवले. तिथे पंथ हा माणसाचा समाज असतो, सणवार असतो, कधी पोटापाण्याचा आधार असतो. संगणकावरच्या खेळांत २००२ च्या ‘मॉरोविंड’चा उल्लेख मला आदराने करावासा वाटतो. त्यातल्या मंदिर-पंथात शिरणाऱ्या खेळाडूला सात स्थळांची यात्रा करावी लागते, आणि एका ठिकाणी देवाने विनम्रपणे एका शेतकऱ्याला मदत केल्याची आठवण म्हणून साधा चिखलासारखा पदार्थ वाहायचा असतो. आणखी एका यात्रेत वाटेत कोणाशीही न बोलता जायचे असते. त्याच वेळी हा देव जिवंत आहे, शहरात राहतो, आणि त्याच्या देवपणावरच शंका घेणारे पुरोहित लपून राहतात. खेळाडू ती यात्रा करतो तेव्हा त्याला त्या धर्माचा चटका बसतो, कारण त्याचे पाय आणि त्याचा वेळ त्यात गेलेला असतो.

आपल्यापैकी जे महाराष्ट्रात किंवा गोव्यात बसून जगे रचतात, त्यांच्याजवळ तर याहून समृद्ध सामग्री आहे. तुळजापूरच्या दसऱ्याचेच पाहा. भवानीची मूर्ती सिंहासनावरून काढून सीमोल्लंघनासाठी पालखीत बसवतात आणि त्यानंतर देवी कोजागरी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निद्रा घेते. ही पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावाहून निघतो. प्रत्येकाचा मान ठरलेल्या घराण्याकडे आहे, वाट ठरलेली आहे, वाटेवरच्या गावांचा मुक्काम ठरलेला आहे. देवीला थकवा येतो, तिला झोप लागते, आणि तिच्या झोपेची सोय दूरच्या गावातले कारागीर करतात! एवढ्या एका विधीत देवीचा स्वभाव, जातीजमातींचे नाते, वाटांचा भूगोल आणि वर्षाचे चक्र सामावले आहे. आता कल्पना करा की, आपल्या जगात असाच एखादा पलंग निघाला आहे, पूल वाहून गेला आहे, आणि देवीच्या निद्रेचा दिवस जवळ येत आहे. खेळाडूंना आणखी कोणते संकट द्यायला हवे? जगाचा नाश करू पाहणारा काळ्या झग्यातला पंथ इथे लागतच नाही.

संघर्षाविषयी म्हणूनच थोडे सविस्तर लिहितो. आपल्या बहुतेक गेममध्ये धार्मिक संघर्ष म्हणजे भल्या देवाचे लोक आणि दुष्ट देवाचे लोक यांची लढाई असते. प्रत्यक्षात सर्वांत कडवे झगडे एकाच देवाच्या भक्तांमध्ये होतात आणि ते अधिकाराचे असतात. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, आणि बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१४ साली संपला. यात विठ्ठल वाईट आहे, असे दोन्हीकडचे कोणी म्हणत नव्हते. पायाला कोण हात लावणार, दक्षिणा कोणाच्या पेटीत पडणार, नामदेवाच्या पायरीच्या अलीकडे कोण थांबणार, हे प्रश्न होते. आणि चोखोबांचे अभंग गाणारी दिंडी त्याच देवळाकडे चालत होती, जिथे चोखोबांच्या जातभाईंना आत प्रवेश नव्हता. देवाच्या नावाने मुलींना मुरळी म्हणून वाहण्याची रीतही आपल्याच मुलखातली आहे. धर्म विश्वासार्ह लिहायचा तर त्यातला आधार आणि त्यातला अन्याय हे दोन्ही एकाच आवारात, पुष्कळदा एकाच माणसाच्या हातून घडताना दाखवावे लागतील.

देव जागा बदलतात, हेही आपल्या जगांत क्वचितच घडते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केली, तेव्हा गोव्यातल्या भक्तांनी आपले देव उचलून त्यांच्या ताब्याबाहेरच्या अंत्रूज महालात (आजच्या फोंड्याच्या परिसरात) नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळला. जुनी जागा ओस पडली, नवीन जागेत आधीपासून असलेल्या लोकांशी आणि देवांशी नाते जुळवावे लागले. ज्यांचे धर्मांतर झाले, त्यांचेही जुने नाते पुरते तुटले नाही. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला (मेरीमातेला) आजही हिंदू भाविक तेल वाहतात आणि तिला लईराई देवीची बहीण मानतात. याच्या उलट, रोमनांनी इसवी सनपूर्व ३९६ मध्ये वेई नगर जिंकताना तिथल्या जूनो देवीला आपल्याकडे येण्याचे रीतसर आवाहन केले आणि तिला रोममध्ये देऊळ दिले, असे सांगतात. शत्रूची देवी फितवण्याचा विधी असलेल्या राज्यात वेढा कसा पडेल, आणि आपली देवी जाऊ नये म्हणून आतले लोक काय करतील, याचा विचार एखाद्या लेखकाने करून पाहावा. मला वाटते, त्या वेढ्याचे वर्णन तोफांच्या आणि ड्रॅगनांच्या वेढ्याहून अधिक लक्षात राहील.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ही सामग्री वापरा म्हणजे खऱ्या देवांची नावे उचला, असे मी म्हणत नाही. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ या पुस्तकात इंद्र, अग्नी, वरुण यांना हिट पॉइंट्स (किती घाव सोसता येतील त्याचा आकडा) देऊन इतर राक्षसांच्या पंक्तीत बसवले होते. ज्यांची आजही पूजा होते, त्या देवांना असे तक्त्यात घालण्यात श्रद्धावंताचा अवमान होतो, हे तर आहेच, पण डिझायनर म्हणून मला त्याहून मोठे नुकसान दिसते: नाव घेतले आणि आचार सोडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला, तेव्हा आपल्या शिल्पांना आणि कथांना खेळात असे मानाने उभे राहिलेले पाहून मला अभिमान वाटला. पुराणातली कथा थेट सांगायची असेल तर तसा मार्ग योग्यच आहे. परंतु नवे जग रचायचे असेल तर कथेपेक्षा रीत उचलणे श्रेयस्कर ठरेल: मानकरी, कौल, नवस, पालखीची वाट, सुतक, उपासाचे पदार्थ. भावना दुखावतील या भीतीने धर्म पुसट करणे हाही उपाय नव्हे. अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळावर सैतानपूजेचे आरोप झाले आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावेच काढून टाकली गेली. त्याने ना आरोप करणाऱ्यांचे समाधान झाले, ना खेळाचा धर्म अधिक खोल झाला.

गेममास्टरांना माझी वेगळी विनंती आहे. क्लेरिक खेळणाऱ्या खेळाडूला केवळ जखमा भरायला बसवू नका. वाटेत पौर्णिमा येऊ द्या, आणि त्या दिवशी त्याला काय वर्ज्य आहे, हे त्याला आधी ठाऊक असू द्या. जेवणाआधी तो काय बाजूला काढून ठेवतो, हे त्याला विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. योद्धा आणि चोर यांनाही घरचे दैवत द्या, ते पाळायचे की नाही ते त्यांना ठरवू द्या. पुजारी पात्र उभे करताना त्याची शक्ती सांगण्याआधी त्याची देवळातल्या सेवेची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते ते सांगा. प्राचीन इजिप्तमध्ये मंदिरसेवक गटागटाने आळीपाळीने सेवेला येत आणि उरलेला काळ आपापल्या कामधंद्यात घालवत. शेतावरून परत आलेला, हाताला माती लागलेला, उद्यापासून महिनाभर देवाजवळ राहणार असलेला पुजारी टेबलावर आला की, खेळाडू त्याच्याशी वेगळे बोलू लागतात, हे मी अनुभवले आहे.

स्टुडिओ आणि प्रकाशक यांच्याकडे शेवटचे मागणे आहे. आपण तलवारबाजीच्या हालचालींसाठी जाणकार बोलावता, वास्तूंच्या रेखाटनांसाठी छायाचित्रे काढायला माणसे पाठवता. तशीच माणसे देवळांच्या कामासाठी गुरवांकडे, वाघ्या-मुरळींकडे, गोंधळ्यांकडे, दिंडीच्या विणेकऱ्यांकडे, गोव्यातल्या देवस्थानांच्या महाजनांकडे आणि चर्चच्या सणाची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे पाठवा. त्यांना देव कसा आहे, हे विचारू नका. वर्षभरात काय काय करावे लागते, कोणाला बोलवावे लागते, काय चुकले तर लोक रागावतात, हे विचारा. त्यांच्या वेळेचे मानधन द्या आणि गेमच्या श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख, त्यांच्या संमतीने, लेखकांच्या बरोबरीने करा. हा खर्च एका ड्रॅगनच्या ॲनिमेशनहून कमीच असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गेममास्टर